मी हात का वर केला?

सहावा_मजला | सोमवार, रात्री १०.१२

काल आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. ५६ फ्लॅट, सभेला तीसेक जण. पाण्याची टाकी, सिंकिंग फंड वगैरे झाल्यावर शेवटी 'ऐनवेळचे विषय' आले आणि त्यात एक ठराव आला: घरकामाला येणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं, इस्त्रीवाला यांनी पुढची लिफ्ट वापरायची नाही, मागची वापरायची. मागची लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सेक्रेटरींनी विचारलं, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही. "मग हात वर करा." पहिल्या रांगेतले हात वर गेले, मग दुसऱ्या. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि माझाही हात वर गेला. 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं गेलं. मग वेफर्स आणि चहा.

आज सकाळी मावशी सहा जिने चढून आल्या. दारात गुडघ्यावर हात ठेवून दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज जरा उशीर झाला ताई." एवढंच. अकरा वर्षं त्या आमच्याकडे आहेत. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला न्हाऊ घातलंय.

मला कुणी धमकावलं नव्हतं. हात वर करून काही मिळणार नव्हतं, खाली ठेवला असता तर काही जाणारही नव्हतं. ठराव चुकीचा आहे हे मला त्या क्षणीही कळत होतं. मग हात वर का गेला? तुमच्या बाबतीत असं झालंय का? आणि गेलेला हात कुणी परत खाली आणलाय का?

---

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री १०.३१

आमच्याकडे 'सर्वानुमते' म्हणजे पहिल्या रांगेतले चौघे आणि चहाची वाट बघणारे बाकीचे.

---

खडू_फळा | सोमवार, रात्री ११.०५

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते मी दरवर्षी एस.वाय.च्या वर्गात शिकवते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. तिघींतली कुठली रेघ पहिलीएवढी लांब आहे, एवढंच मोठ्याने सांगायचं. उत्तर लहान पोरही देईल इतकं उघड. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले होते आणि ठरलेल्या वेळी सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर द्यायचे. खरा मुलगा एकच, त्याचा नंबर शेवटाकडे. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर वाहून गेली. दर चार मुलांतली तीन निदान एकदा तरी घसरली. एकटं बसवून विचारलं तेव्हा चुका जवळजवळ शून्य.

नंतर त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की बहुतेकांना रेघ बरोबर दिसत होती. काहींना वाटलं, एवढे सगळे म्हणतायत म्हणजे आपलंच काही चुकत असेल. काहींना फक्त वेगळं दिसायचं नव्हतं. तुम्ही 'डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं' असं लिहिलंय ना, ते वाचून मला ती मुलंच दिसली.

पुस्तकात याचे तीन कप्पे असतात. गटासारखं वागणं ही अनुरूपता, कुणी विनंती केली म्हणून मान्य करणं हे अनुपालन आणि अधिकाराच्या जागेवरून हुकूम आला म्हणून करणं हे आज्ञापालन. तुमच्या सभेत मला तिन्ही एकत्र दिसतात. सेक्रेटरींचा प्रश्न, शेजाऱ्यांचे हात आणि 'हात वर करा' हे वाक्य.

---

पुरणपोळी | सोमवार, रात्री ११.२०

वाचतेय. मावशींचं वाचून पोटात तुटलं.

---

ठाणेकर_७९ | मंगळवार, सकाळी ७.४८

खडू_फळा, रेघांचं वाचून मला २१ सप्टेंबर १९९५ आठवला. गणपती दूध प्यायला तो दिवस.

मी शाळेत होतो. देवळाबाहेर रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, गल्लीतलं दूध संपलेलं. माझा नंबर आला, मी चमचा सोंडेला लावला आणि दूध कमी झालं. खरंच झालं. पण मूर्तीच्या पोटावरून पांढरा ओघळ खाली जात होता, पाटावर दूध साचलं होतं, एक काका ते फडक्याने टिपत होते. मी ते सगळं पाहिलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "प्यायला?" मी म्हणालो, "हो, सगळं."

दुधाला पृष्ठताणाने दगड खेचून घेतो आणि मग ते पातळ थराने खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, अंनिसवाल्यांनीही सांगितलं. मला ते नंतर पटलं. पण ओघळ तर मी आधीच पाहिला होता! न सांगायचं कारण एकच, मागे रांगेत उभ्या असलेल्या शंभर माणसांचे चेहरे.

---

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ८.१५

ठाणेकर, तुम्हाला हे आवडेल. अ‍ॅश मूळचा पोलंडमधला ज्यू. लहानपणची त्याची एक आठवण प्रसिद्ध आहे. वल्हांडणाच्या रात्री त्यांच्याकडे एलिया प्रेषितासाठी वाइनचा एक पेला भरून ठेवतात. सात वर्षांच्या अ‍ॅशने मामा-काकांपैकी कुणाला तरी विचारलं, तो खरंच येऊन पितो का? उत्तर आलं, पेल्याकडे नीट बघत राहा. तो बघत राहिला आणि त्याला वाटलं, वाइन थोडीशी उतरली.

रेघांच्या प्रयोगाचं बीज त्या पेल्यात होतं, असं तो पुढे सांगायचा.

---

ठाणेकर_७९ | मंगळवार, सकाळी ८.२२

काटा आला अंगावर. तोच चमचा.

---

वर्गणीदार | मंगळवार, दुपारी १.४०

अनुपालन शिकायचं असेल तर आमच्या मंडळाचं पावतीपुस्तक बघा. पोरं कधीच आधी आकडा सांगत नाहीत. फक्त पुस्तक उघडून समोर धरतात. वरच्या तीन पावत्या: ५००१, ५००१, २५०१. त्याखाली तुम्ही १०१ लिहून दाखवाच.

पहिल्या पावत्या कुणाच्या असाव्यात हे ठरवायला वेगळी बैठक होते. मी स्वतः खजिनदार होतो, म्हणून सांगतोय :)

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, दुपारी १.५२

आता कळलं, आमच्याकडे सगळ्यात आधी सराफाच्या दुकानात का जातात!

---

अण्णा_नाशिक | मंगळवार, दुपारी ३.३०

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इथे सगळा सूर 'माणसं मेंढरं असतात' असा लागतोय. दुसऱ्याकडे बघून वागणं हा रोग नाही, त्यावरच जग चालतं. वारीत लाखो माणसं रिंगणाभोवती स्वतःहून जागा धरून बसतात, प्रत्येकामागे पोलीस नसतो. पुढचा बसला म्हणून मागचा बसतो. लोकलच्या तिकिटाची रांग तशीच. प्रत्येकाने प्रत्येक वेळी 'मला पटतं का' असं विचारत बसलं तर सोसायटीची टाकीसुद्धा साफ व्हायची नाही. मी नऊ वर्षं चेअरमन होतो. प्रत्येक ठरावाला आडवा येणारा एक सभासद असतो आणि त्याच्यामुळे कामं अडतात, हेही खरं आहे.

ताईंचं दुःख खरं आहे. पण चूक हात वर करण्याच्या सवयीची नाही. ठराव वाईट होता, एवढंच.

---

सहावा_मजला | मंगळवार, दुपारी ४.०५

अण्णा, पण ठराव वाईट आहे हे कळत असूनही हात गेला, माझा प्रश्न तिथेच अडलाय.

---

सिस्टर_मीना | मंगळवार, रात्री ९.१५

ड्यूटी संपवून लिहितेय. मी २२ वर्षं वॉर्डात आहे.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक अभ्यास शिकवतात, १९६६ सालचा. अमेरिकेत वॉर्डातल्या नर्सला फोन आला: मी डॉक्टर अमुक बोलतोय, पेशंटला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. या डॉक्टरला तिने कधी पाहिलेलं नाही. डबीवर स्पष्ट छापलंय की दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवर ऑर्डर घ्यायची नाही, हा नियम. २२ पैकी २१ जणी औषध घेऊन निघाल्या. पेशंटपर्यंत पोचायच्या आधी त्यांना थांबवलं, गोळीही साखरेची होती. दुसऱ्या १२ नर्सना नुसतं विचारलं होतं की असं झालं तर काय कराल. १० जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या बाबतीत तेच झालं. रात्री दोनला मोठ्या सरांचा फोन, झोपेतला आवाज, डोस मला जास्त वाटला. मी "हो सर" म्हटलं आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातली सीनियर सिस्टर कापूस मागायला आली. तिने ट्रेकडे पाहून नुसतं विचारलं, "किती गं हे?" तिच्या तोंडून प्रश्न आला आणि माझं डोकं सुरू झालं. मी परत फोन लावला. सर म्हणाले, "अरे, चुकलं, निम्मा."

पुढे १९७७ मध्ये असाच अभ्यास परत झाला. या वेळी औषध नर्सच्या ओळखीचं होतं आणि सहकाऱ्यांना विचारायची मोकळीक होती. १८ पैकी दोघीच द्यायला निघाल्या. बाया तशाच, शिक्षण तसंच. शेजारी बोलायला कुणी होतं, हा केवढा फरक! आज मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते: शंका आली की मोठ्याने म्हणा, मनात ठेवू नका.

---

पुरणपोळी | मंगळवार, रात्री ९.४०

सिस्टर, तुम्हाला आणि त्या कापूस मागायला आलेल्या सिस्टरना नमस्कार.

---

दर्यावर्दी | बुधवार, सकाळी ६.५५

सिस्टरांचं वाचून माझ्या बाबांबद्दल लिहायचं धाडस करतोय. गेल्या वर्षी त्यांची 'डिजिटल अरेस्ट' झाली. वय ७१, उभी हयात बँकेत काढलेली, लोकांना सह्या नीट वाचायला शिकवणारा माणूस.

आधी फोन आला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे पोलिसांचं बोधचिन्ह. पहिल्यांदा त्यांनी फक्त आधारचा नंबर मागितला. मग खोलीचं दार लावा. मग कॅमेऱ्यासमोरून हलू नका. मग घरी कुणाला सांगू नका, नाहीतर तेही आरोपी होतील. मग पडताळणीसाठी थोडी रक्कम. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा इतकी थोडीशी वर होती की 'आता नाही' म्हणायची जागाच सापडली नाही, असं बाबा म्हणतात. एक रक्कम गेली. दुसऱ्या वेळी एफडी मोडायला सांगितली, तेवढ्यात आई भजनी मंडळातून आली आणि दाराबाहेरून ओरडली, "कुणाशी बोलताय हो दोन तास?" त्यांनी लॅपटॉप मिटला आणि लहान मुलासारखे रडले.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. असं काही झालं तर लगेच १९३० ला फोन करा. आणि घरातल्या माणसाला 'कसे फसलात' असं विचारू नका. आम्ही विचारलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

खडू_फळा | बुधवार, सकाळी ९.१०

दर्यावर्दी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाबांना सांगा, येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात बसलेली माणसं अशाच पायऱ्या चढली होती.

ती माणसं पेपरातली जाहिरात वाचून आलेली, साधी नोकरदार. समोर ३० बटणं, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, दर वेळी फक्त १५ ने वाढ. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की पुढचं बटण दाबायचं. विजेचा धक्का खोटा होता, पण त्यांना ते माहीत नव्हतं. राखाडी कोट घातलेला माणूस शांतपणे म्हणायचा, पुढे चालू ठेवा. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम येत होता, हात थरथरत होते, तरी गेले. आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं होतं, तेव्हा त्यांचा अंदाज हजारात एखादा असा होता.

याचे पुढचे प्रकार फारसे कुणी सांगत नाही. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तर शेवटपर्यंत जाणारे पाचातला एक एवढेच उरले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच उठून 'आम्ही नाही करणार' म्हटलं, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले.

---

शंकासूर | बुधवार, सकाळी १०.३०

मिलग्रॅम इतका सरळ गिळू नका. पुढच्या संशोधकांनी त्याच्या ध्वनिफिती ऐकल्या. कोटवाला 'पुढे चालू ठेवा' सारख्या ठरलेल्या चार वाक्यांवर थांबत नव्हता, बरंच जास्त दामटत होता. बऱ्याच जणांना धक्का खरा आहे यावर विश्वासही नव्हता. आणि गंमत म्हणजे चौथं वाक्य, 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही', हे सगळ्यात आज्ञेसारखं, पण तेच सगळ्यात कमी चालायचं. जेरी बर्गरने हाच प्रयोग १५० व्होल्टला थांबवून केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या वाक्यानंतर एकही जण पुढे गेला नाही.

म्हणजे माणूस हुकमाला लगेच वाकतो असं नाही. 'हे विज्ञानासाठी आहे, चांगल्यासाठी आहे' असं वाटलं की तो वाकतो. तुमच्या सेक्रेटरींनी ठराव मांडताना 'सुरक्षितता' हा शब्द वापरला असणार, पैज लावतो.

---

सहावा_मजला | बुधवार, सकाळी १०.३८

तीन वेळा वापरला.

---

शिरोळकर | बुधवार, दुपारी २.२०

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून परिपत्रक काढलं.

मी शेजारच्या गावचा. माझ्या चुलतीच्या वेळी मी स्वतः तिथं उभा होतो. बांगड्या फोडणाऱ्या बाया रडत होत्या, चुलती रडत होती, आम्ही पुरुष भिंतीकडं तोंड करून उभे. कुणालाच ते नको होतं, हे मला आज कळतंय. पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना पाहिजे आहे. हेरवाडनं ते सगळ्यांदेखत बोलून टाकलं. ठरावानं एका दिवसात सगळं बदलत नाही, पण आता कुणी एखादी म्हातारी 'नको गं ते' म्हणाली तर तिच्या मागं गाव आहे.

तेव्हा अण्णा, हात वर करायची सवय वाईट नाही हे तुमचं मला पटतं. हेरवाडातबी हातच वर गेले.

---

अण्णा_नाशिक | बुधवार, दुपारी ३.०२

शिरोळकर, माझंच म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

---

खाडीपलीकडे | बुधवार, रात्री ८.५०

सगळे 'एकाने बोलायला हवं' म्हणताहेत, पण बोलणाऱ्याला किती मोजावं लागतं तेही बघा. मी रायगडचा. आमच्या वाडीत एका घराने गावकीच्या निर्णयाला नाही म्हटलं म्हणून त्यांना वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. त्यांच्या मुलीबरोबर शाळेत जायला मला घरून मनाई होती आणि मी ती पाळली. आठ वर्षांचा होतो.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तक्रार करायला त्याच गावातून साक्षीदार लागतो.

ताई, तुमच्या सोसायटीत कुणी तुमचं मीठ बंद करणार नाही. म्हणून तुम्ही बोलायलाच हवं, असं मला वाटतं. हे कठोर वाटलं तर माफ करा.

---

सहावा_मजला | बुधवार, रात्री ९.३०

कठोर नाही, खरं आहे.

---

जुनी_पानं | बुधवार, रात्री ११.१५

थोडं अवांतर. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी यादी छापायला दिली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. न्यायमूर्ती रानड्यांनी आधी नकार दिला आणि पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला माणूस एक कप चहासाठी वाकला. घरच्यांची आणि मित्रांची होणारी कोंडी त्यांना बघवली नाही.

म्हणून स्वतःला फार बोल लावू नका ताई. आपल्यापेक्षा फार मोठी माणसं या वाटेने गेलीत.

---

शंकासूर | बुधवार, रात्री ११.२४

आता टिळक-रानड्यांवर दोनशे प्रतिसाद येणार. धागा भरकटवू नका, लिफ्टमध्ये परत चला.

---

सहकार_सल्ला | गुरुवार, सकाळी ९.००

चला. सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ५६ सभासद म्हणजे १२ सह्या. शिवाय असा ठराव ऐनवेळच्या विषयात घेतलाच कसा, हा प्रश्न अर्जात लिहा. आणि या वेळी हात वर करून मतदान नको, चिठ्ठीने घ्या अशी मागणी करा.

---

खडू_फळा | गुरुवार, सकाळी ९.१८

चिठ्ठीचं अगदी बरोबर. अ‍ॅशने उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा गटामागे जाणं खूपच कमी झालं. आणि गटात एकच जण जरी खरं बोलणारा असला तरी ते तसंच घसरायचं.

---

सहावा_मजला | शनिवार, रात्री १०.४०

दोन दिवस लिहायला जमलं नाही, सह्या गोळा करत फिरत होते.

पहिलं दार दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. सभेत त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या. मी अर्ज पुढे केला, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "अगं, मी तर तुझ्याकडे बघून हात वर केला. म्हटलं, हिची बाई रोज येते, हिलाच चालतंय तर मी कोण बोलणारी?"

मी त्यांच्या सोफ्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे.

आतापर्यंत नऊ सह्या झाल्यात. तिघांनी 'विचार करतो' म्हटलंय. एकाने दार लावून घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी सही केली नाही, पण "चिठ्ठीने घेणार असाल तर बघू" म्हणाले. सेक्रेटरी आज लिफ्टमध्ये भेटले, बोलले नाहीत.

काल मी मावशींना सांगितलं की त्या दिवशी माझाही हात वर होता. त्या भांडी घासत होत्या. वळल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला सांगितलं होतं वॉचमननं. कोण कोण होतं ते."

सोमवारी साडेनऊला मी खाली गेटवर थांबणार आहे. त्यांना घेऊन पुढच्या लिफ्टने वर येणार. आजी म्हणाल्या, मीपण येते खाली, तेवढाच फेरफटका.

---

अण्णा_नाशिक | शनिवार, रात्री १०.५८

चौथ्या मजल्याकडे परत जा. तो माणूस येईल. नऊ वर्षांचा अनुभव सांगतोय.

---

सहकार_सल्ला | शनिवार, रात्री ११.०३

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.